अपराध्याने घरी आणलेला पाहुणा

‘सामना’ या चित्रपटात रूढ अर्थाचे रहस्य फारसे नाही. हिंदुराव धोंडे-पाटील यांच्या गावातून मारुती कांबळे नावाचा एक माणूस नाहीसा झाला आहे. त्यामागे कोणाचा हात असावा, हे प्रेक्षकाला बरेच आधी उमगते. गावाला तर ते ठाऊकच असते. तरीही चित्रपट पाहताना जीव टांगणीला लागतो. उत्कंठा असते ती एकाच गोष्टीची: ज्याने हे केले, तो ते किती दिवस पोटात ठेवू शकेल?

डॉ. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट. कथा-पटकथा विजय तेंडुलकर यांची, निर्मिती कवी रामदास फुटाणे यांची, संगीत भास्कर चंदावरकर यांचे. १९७२च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणणाऱ्या मंडळींपैकीच काही जण येथे पुन्हा एकत्र आले होते. कृष्णधवल छायाचित्रण, ग्रामीण पार्श्वभूमी आणि मध्यभागी दोन माणसे एवढ्या भांडवलावर हा चित्रपट उभा राहिला आणि १९७५ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जाऊन पोहोचला. अपराधी मनाच्या या चित्रणाला तीन डॉक्टरांचे हात लागले आहेत, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. दिग्दर्शक पटेल हे वैद्यकीय व्यवसायातले, मास्तरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद, आणि मारुती कांबळेच्या भूमिकेतील डॉ. मोहन आगाशे हे तर मनोविकारतज्ज्ञ. हिंदुराव साकारणाऱ्या निळू फुले यांनी मात्र उमेदीच्या काळात पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले होते. चित्रपटात मनाची सगळी दुखणी वाट्याला आली ती या माळ्याच्या.

कथा थोडक्यात अशी. हिंदुराव हा सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्या परिसरात एक दारुडा, फाटका, परंतु सुशिक्षित असा उपरा माणूस येऊन पडतो. हे मास्तर. कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, गांधीजींच्या विचारांवर वाढलेले, आणि स्वातंत्र्यानंतर जे पाहावे लागले त्याने खचून बाटलीच्या आहारी गेलेले. हिंदुराव त्यांना हाकलून देऊ शकला असता. तो त्यांना आपल्या घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, आपण उभे केलेले विश्व अभिमानाने दाखवतो. याच मुक्कामात मास्तरांच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. सैन्यातून परतलेला, गोरगरिबांची बाजू घेऊन हिंदुरावाला जाब विचारणारा हा जवान एक दिवस दिसेनासा झाला. तेव्हापासून मास्तर भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटतात: मारुती कांबळेचे काय झाले?

हा प्रश्न मराठी भाषेत कायमचा रुजला. पुढे एखाद्या प्रकरणाची फाईल गहाळ झाली, एखाद्या चौकशी समितीचा अहवाल कपाटात राहिला, की सभेत कोणीतरी मारुती कांबळेचे नाव घेई आणि ज्यांनी चित्रपट पाहिलेला नसे तेही अर्थ समजून हसत. इतक्या साध्या वाक्याला एवढे आयुष्य का लाभले असावे? त्यात आरोप नाही. कोणाचे नाव घेऊन बोट दाखवलेले नाही. आरोपाचे खंडन करता येते, आरोप करणाऱ्यावर बदनामीचा खटला भरता येतो. चौकशीला मात्र उत्तर तरी द्यावे लागते किंवा ती चुकवावी तरी लागते. आणि चुकवणारा प्रत्येक वेळी थोडा अधिक उघडा पडतो.

गाव गप्प का होते, हे समजण्यासाठी साखर कारखान्याचा व्यवहार थोडा समजून घ्यावा लागतो. चित्रपट तो शिकवत बसत नाही, कारण त्या काळच्या ग्रामीण प्रेक्षकाला तो पाठ होता. शहरी वाचकाला तो सांगितला पाहिजे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि पुढच्या दोन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांग लागली. हे कार्य मोठे होते; सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला त्याने मालकीचा हक्क दिला. पण ऊस हे विचित्र पीक आहे. तोडलेल्या उसातली साखर दिवसागणिक उतरते, त्यामुळे तोडणी आणि गाळप यांत अंतर पडून चालत नाही. उभ्या उसालाही पाळी वेळेवर मिळाली नाही तर वजन घटते. तोडणीची पाळी ठरवतो कारखाना. सोसायटीचे पीककर्ज वळते होते ते उसाच्या बिलातून. मुलगा शिकतो तो त्याच मंडळींच्या शिक्षणसंस्थेत, आणि नोकरीला लागतो तो त्याच मंडळींच्या बँकेत किंवा दूध संघात. अशा गावात अध्यक्षाला कोणाच्या घरी जाऊन धमकी द्यावी लागत नाही. कार्यालयात पाळीची यादी लावताना एक नाव चार ओळी खाली सरकले तरी पुरते. सगळेच अध्यक्ष हिंदुराव नव्हते, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पण हिंदुराव व्हायला लागणारी सगळी साधने प्रत्येकाच्या टेबलावर होती.

म्हणूनच मास्तर उपरे असणे कथेला आवश्यक ठरते. त्यांच्या नावे एक गुंठाही जमीन नाही, सोसायटीत खाते नाही, नोकरीला लावायचा मुलगा नाही. त्यांच्यापाशी गमावण्यासारखी होती ती प्रतिष्ठा, आणि ती त्यांनी स्वतःच केव्हाच बाटलीत बुडवली आहे. ज्याचे काहीच गहाण नाही, त्याच्याकडून वसुली कशी करणार?

निळू फुले यांचा हिंदुराव हा मराठी पडद्यावरचा एक थोर अभिनय आहे. फुले यांना पुढे मराठी प्रेक्षकांनी ठराविक खलनायकी पाटलाच्या चौकटीत बसवले, ही त्या नटाची आणि प्रेक्षकांचीही हानी झाली. ‘सामना’तला हिंदुराव डोळे वटारत नाही. आरंभी तो तृप्त आहे, उदार आहे, आपल्या कर्तृत्वाच्या कौतुकात रमलेला आहे. मास्तरांशी बोलताना त्याला खरोखर बरे वाटते, कारण त्याच्या अवतीभोवती मान डोलावणारेच सर्व. बरोबरीने बोलणारा हा एकच. प्रश्न सुरू झाल्यावर हळूहळू त्याची नजर बदलते. कोण काय बोलले, कोणी कोणाला सांगितले, मास्तरांच्या कानावर हे नाव घातले कोणी, असे हिशेब तो मनाशी मांडू लागतो. भरल्या घरात त्याला एकटे वाटू लागते. बाहेरून त्याच्या सत्तेला अद्याप धक्का लागलेला नाही. कारखाना चालू आहे, माणसे वाकून नमस्कार करीत आहेत. आणि आत माणूस ढासळत चालला आहे. श्रीराम लागूंनी मास्तरांना संत होऊ दिले नाही, हेही तितकेच मोलाचे. त्यांचे मास्तर चिडवतात, बरळतात, हिंदुरावाचीच दारू पिऊन हिंदुरावालाच बोचतात. सत्य सांगणारा माणूस स्वच्छ धोतरातच यावा, असा हट्ट तेंडुलकरांनी धरला नाही.

मग मूळ कोडे उरते. इतक्या सावध माणसाने ही पीडा घरात आणली कशाला?

वरवरचे उत्तर अहंकाराचे आहे: शिकलेल्या माणसाकडून शाबासकी हवी होती. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही. बँकेच्या हिशेबात ‘उचंत खाते’ म्हणून एक प्रकार असतो. ज्या रकमेचा निकाल लागत नाही, ती तात्पुरती तेथे टाकून ठेवायची आणि दिवसाचा मेळ जुळवायचा. रोजचे काम त्याने अडत नाही. पण ती रक्कम पुसली जात नाही. वर्षअखेरीस कोणी तपासनीस येतो आणि सगळी लठ्ठ खाती बाजूला सारून नेमके त्याच पानावर बोट ठेवतो. जुने जाणते अधिकारी सांगत, की ज्याच्या हाताखाली अशी नोंद अडकलेली असते त्याला तपासनीसाची धास्ती असते, आणि एकदाचा तो येऊन जावा असेही वाटत असते. हिंदुरावाचे मारुती कांबळे हे खाते तसे आहे. कारखाना, रस्ते, शाळा या सर्व जमेच्या नोंदी खऱ्या आहेत. त्या मास्तरांना दाखवताना तो जणू विचारतो आहे, की एवढ्या जमेत ती एक नोंद बुडत नाही का? मास्तरांचे उत्तर प्रत्येक वेळी तेच येते: मारुती कांबळेचे काय झाले? शेवटी हिंदुराव कायद्याच्या हाती जातो, तेव्हा त्याच्या पराभवात सुटकेचाही एक अंश जाणवतो.

हिंदुराव काल्पनिक आहे. मनवेलपाड्यातल्या वाचकाला मात्र अशा माणसाचा खराखुरा इतिहास शोधायला साखरपट्ट्यात जावे लागत नाही. विरारहून लोकलने नालासोपारा ओलांडून वसई रोडला उतरावे आणि किल्ल्याची वाट धरावी. पाड्याच्या नावातला ‘मनवेल’ वसईच्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येतो. पोर्तुगीज अंमलाची खूण अशी रोजच्या बोलण्यात राहून गेली आहे. तो अंमल १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी संपवला. मराठ्यांच्या इतिहासातल्या अत्यंत कडव्या झुंजींपैकी ही एक. चिमाजी अप्पा म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू, म्हणजेच रघुनाथरावांचे सख्खे काका. काकांनी रक्त सांडून मिळवलेली वसई पुढे पुतण्याने कागदावर देऊन टाकली, आणि ती का दिली याच्या मुळाशी दुसऱ्या एका काका-पुतण्याची गोष्ट आहे.

थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी पेशवे झाले. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनी वाड्यात घुसून नारायणरावांना ठार केले. कागदावरच्या ‘ध’चा ‘मा’ झाला ही दंतकथा सर्वांना ठाऊक आहे. काकाला मारलेली ती अखेरची हाक आजही पुण्यात भुताखेतांच्या गोष्टींत सांगितली जाते. राघोबादादांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. मात्र पेशव्यांच्या दरबारात न्यायाधीशाच्या आसनावर रामशास्त्री प्रभुणे बसलेले होते. त्यांनी चौकशी केली, दोषी कोण ते ठरवले आणि प्रायश्चित्त विचारले असता देहान्ताखेरीज दुसरे नाही, असे सांगितले. जेथे असा धनी, तेथे राहणे नको म्हणून शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोग मराठीला तेथून मिळाला.

कृ. प्र. खाडिलकर यांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ नाटकात हाच प्रसंग उभा केला. पुढे प्रभात कंपनीने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. गजानन जागीरदार यांचा शास्त्री आणि ललिता पवार यांची आनंदीबाई जुन्या पिढीच्या स्मरणातून पुसली गेली नाही. या कलाकृतींत राघोबाचे मन दिसते: खुनाआधी दोलायमान, खुनानंतर भेदरलेले, पत्नीच्या धारदार बुद्धीपुढे झुकणारे. ऐतिहासिक कागदांतून मनापेक्षा हालचाली अधिक कळतात, आणि त्या हालचालीही बोलक्या आहेत. वस्त्रे मिळाल्यावर राघोबादादा थोड्याच काळात मोहिमेवर निघाले आणि पेशवे म्हणून पुण्यात पुन्हा परतलेच नाहीत. मागे नाना फडणीस, सखारामबापू प्रभृती बारभाईंनी नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर हलवले. एप्रिल १७७४ मध्ये तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. ज्याला मारले त्याचाच मुलगा आता गादीचा धनी ठरला. राघोबादादा माजी पेशवे झाले, आणि उत्तरेकडे, मग गुजरातेत, असे फिरत राहिले.

हिंदुराव आणि राघोबादादा यांची वाट येथे वेगळी होते. विचारणारा माणूस दोघांच्याही घरी होता. हिंदुरावाला मास्तरांना घालवून देणे जमत नाही. राघोबादादांनी शास्त्रीबुवांना जाऊ दिले. शास्त्रीबुवा निघून गेल्यावर राघोबादादांच्या छावणीत उरले ते आश्रित, भाडोत्री शिपाई आणि इंग्रज वकील. यांतला कोणीही नारायणरावांचे काय झाले असे विचारणार नव्हता. त्यांचा प्रश्न एकच होता: मोबदल्यात काय देता?

मोबदला ठरला मार्च १७७५ मध्ये सुरतेला. मुंबईकर इंग्रजांनी फौज द्यायची, पेशवाई परत मिळवून द्यायची. त्या बदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना. साष्टी तर मुंबईकरांनी आधीच, १७७४च्या डिसेंबरात, ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावली होती. वसईवर राघोबादादांचा ताबा नव्हता. आपल्या कबज्यात नसलेली मिळकत गहाण टाकून कर्ज उचलणाऱ्याला कोणतीही बँक दारात उभा करणार नाही. पण सावकाराला मिळकतीचीच हाव असेल, तर तो ताब्याचा उतारा मागत नाही. साष्टी आणि वसईवर मुंबईकरांचा डोळा जुनाच होता. या प्रांताची राजधानी, तिची बंदरे, भातशेती, मिठागरे, त्यांतली कोळी, कुणबी, आगरी, ख्रिस्ती, ब्राह्मण, वाणी अशी सारी वस्ती या करारात एका शब्दात आली. शनिवारवाड्यातला खून येथल्या कोणी केला नव्हता, कोणी पाहिलाही नव्हता. त्याची किंमत मात्र त्यांच्या नावे पडली.

पुढची सात वर्षे लढाई चालली. १७७६ साली पुरंदरचा तह झाला आणि मोडला. १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली. मग १७८०च्या डिसेंबरात गॉडर्डने वेढा घालून वसई घेतली. पोर्तुगीजांच्या हातून सुटल्याला तेव्हा चाळीसच वर्षे झाली होती. चिमाजी अप्पांची झुंज डोळ्यांनी पाहिलेली माणसे अजून हयात असतील. मे १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने हे युद्ध मिटले. त्यात राघोबादादांना सालीना तीन लाखांची नेमणूक मिळाली, आणि ते गोदाकाठी कोपरगावी राहू लागले. डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. देहान्त प्रायश्चित्त सांगितले होते. भोगायला मिळाले ते निवृत्तिवेतन. रामशास्त्री बारभाईंच्या कारभारात पुण्याला परतून पुन्हा न्यायासनावर बसले.

या पार्श्वभूमीवर ‘सामना’ आशावादी चित्रपट वाटतो, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण अपराधी माणसाच्या मनात टोचण्यासारखे काहीतरी शिल्लक आहे, हे गृहीत धरूनच तेंडुलकर तो लिहितात. जैन विचारात या टोचणीसाठी ‘शल्य’ हा फार नेमका शब्द आहे. शल्य म्हणजे आत रुतून बसलेला काटा. वरून जखम भरलेली दिसते, पण काटा निघाल्याखेरीज व्रत खरे होत नाही. माया, म्हणजे कपट, हे त्यांतले एक शल्य. आणि तो काटा काढण्याची रीतही सांगितलेली आहे: प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिली येते आलोचना, म्हणजे गुरूपुढे बसून केलेले सर्व जसेच्या तसे सांगणे. दान, तीर्थयात्रा किंवा मंदिराचा जीर्णोद्धार या गोष्टी तिची जागा घेत नाहीत. हिंदुराव हीच गफलत करतो. तालुक्याला तो भरभरून देतो. मारुती कांबळेच्या दारी मात्र त्याचे पाऊल वळत नाही. संवत्सरीच्या दिवशी मोबाईलवरून शेकडो जणांना एकाच झटक्यात ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवण्याची जी सोय आता झाली आहे, तीही याच जातीची. ज्याच्याशी खरोखर वाईट वागलो, तो नेमका त्या यादीत असतो का, हे ज्याचे त्याने पाहावे.

तेंडुलकर आणि पटेल यांचा हा आशावाद फार काळ टिकला नाही. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली, ती उठली, सरकारे आली आणि पडली. आणि १९७९ साली याच जोडीने अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ काढला. त्यातली पात्रयोजना ‘सामना’शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. प्रश्न विचारणारे श्रीराम लागू येथे मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले आहेत. अपराधाखाली पिचलेले निळू फुले झाले आहेत पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे सर्व काही जवळून पाहणारा साक्षीदार. आणि मन ढळते ते कोणाचे? मुख्यमंत्री जिवाजीराव झालेल्या अरुण सरनाईक यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. अर्थमंत्र्यांची झोप उडते ती गणित चुकल्यामुळे. शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो तो दिगू. चार-पाच वर्षांच्या अंतरात अपराधाचे ओझे करणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून पाहणाऱ्याच्या खांद्यावर गेले. या दोन चित्रपटांत अधिक चांगला कोणता, यावर रसिकांत वाद आहे. बांधणी ‘सिंहासन’ची अधिक रेखीव आहे, यात शंका नाही, परंतु माणसाविषयी अधिक काही सांगतो तो ‘सामना’.

घरातल्या तरुण मंडळींसमवेत हा चित्रपट पाहायचा झाला, तर थोडी तयारी ठेवावी लागेल. गती संथ आहे, ध्वनिमुद्रण जुने आहे, काही प्रवेश रेंगाळतात. मास्तरांचे मद्यपान सतत समोर असते. काही घरांत ते रुचणार नाही. पण तेथे मद्याचा गौरव नाही, उलट एका बुद्धिमान माणसाची झालेली नासाडी ठळक दिसते. स्मिता पाटील यांची छोटी भूमिका हाही एक आनंद. हिंदुराव पहिल्यांदा उत्तर टाळतो, त्या क्षणाकडे मुलांचे लक्ष वेधावे आणि पुढे तो किती वेळा, किती निरनिराळ्या प्रकारे टाळतो हे त्यांनाच मोजू द्यावे.

राहता राहिली वसई. सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली. पण तिच्याच किल्ल्याच्या गावी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, राघोबादादांचे चिरंजीव दुसरे बाजीराव इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या करारावर सही करून बसले. वडिलांनी उघडलेले खाते मुलाने पुरते भरले. साष्टी मात्र १७८२ सालीही परत मिळाली नाही. विरारहून सकाळी निघालेली लोकल नायगाव सोडून खाडीच्या पुलावर येते, चाकांचा आवाज बदलतो, आणि पलीकडे भाईंदर लागते. तेथून साष्टी सुरू होते.